तळघराचं नाक

४ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

खोक्यात सगळ्यात वर, गवतावर हे पत्र आहे. खाली बारा मऊ चीज आणि मुरलेल्या चीजची दोन जुनी चाकं. चाकं आधी काढ. मागच्या वेळी तू पत्र वाचत बसलीस आणि खोकं उन्हात राहिलं, असं गाडीवाला सांगत होता. त्याला सगळं दिसतं, फक्त रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत.

मी फोन का घेत नाही, असं तू पुन्हा विचारलंयस. टेकडीच्या या बाजूला तो लागत नाही, आणि लागला तरी तू फोनवर भांडतेस. पत्रात निदान तुला वाक्य पुरं करावं लागतं.

यंदा थंडी लवकर आली. कोरडा वारा टेकडीवरून उतरतो तो थेट झरोक्यांतून तळघरात. मऊ चीजच्या साली तडकायला लागल्यात. एक दिवसाआड प्रत्येक नग मिठाच्या पाण्यानं पुसायचा, उलटायचा आणि परत फळीवर ठेवायचा. असे तीनशे चाळीस. तुझी वहिनी होती तोवर आम्ही दोघं दुपारपर्यंत उरकायचो. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. हल्ली माझ्याशी बोलते ती एकटी माझी कंबर.

म्हणून विचारतो, ठकीला माझ्याकडे पाठवतेस का? तुझी लेक बावीस वर्षांची झाली आणि अजून तुझ्या काउंटरमागे उभी राहून गिऱ्हाइकांना तुकडे देतेय. चीज कापणं वेगळं आणि चीज वाढवणं वेगळं. तिचं नाक चांगलं आहे, असं तूच सारखी सांगत असतेस. मला तळघरात एक चांगलं नाक हवंय. म्हणजे सोबतीला.

तुझा
दादा


१० नोव्हेंबर

दादा,

चाकं आधी काढली. गाडीवाल्याला सांग, त्यानं स्वतःच खोकं उन्हात ठेवलं होतं आणि माझ्या दुकानात बसून चहा पीत होता.

ठकी नुसते तुकडे देते म्हणालास ते मात्र लागलं. शनिवारी आमच्याकडे सहा-सात मंडळी चीज चाखायला येतात. चीज फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढायचं, थंडगार चीज मुकं असतं, हे मी दर शनिवारी सांगते आणि दर रविवारी तेच लोक फ्रीजमधून काढून उभ्या उभ्या खातात. आधी शेळीच्या दुधाचं ताजं, मग पांढऱ्या सालीचं मऊ ब्री, मग मेंढीचं मँचेगो, मग दोन वर्षं मुरलेला गौडा, ज्यात दाताखाली बारीक कण फुटतात. निळ्या बुरशीचं सगळ्यात शेवटी, नासपतीच्या फोडीबरोबर. परवा एका गृहस्थांनी निळं आधी खाल्लं आणि बाकी सगळी साबणासारखी लागतात असं जाहीर केलं. ठकीनं त्यांना पाणी दिलं, कोरडा पाव दिला, दहा मिनिटं गप्प बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जाताना ते तीन प्रकार घेऊन गेले. याला नुसते तुकडे देणं म्हणतात होय?

तिचं नाक खरंच वेगळं आहे. तुझं चीज कापल्याबरोबर ती सांगते, की या दुधाच्या गायी ओलं गवत खात होत्या की सुकं. मला तिच्या वयात एवढं येत नव्हतं, आणि मला बरंच येत होतं. आठवतं ना, बाबा मला खाली न्यायचे, एकेक चीज नाकाशी धरायचे आणि विचारायचे, "सांग, काय येतंय?" मी सांगायचे, मग ते मान हलवून खडूनं खूण करायचे. रोज परीक्षा. तुझी कधी घेतली नाही. तरी तळघर तुला दिलं आणि मला काउंटर. यावर मी कधी काही बोलले नाही, म्हणजे वर्षातून एकदाच बोलते.

ठकीला पाठवते. आठवडाअखेरच्या गाडीनं येईल. तिच्याजवळ इस्टेट म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ते नाक. त्याला जप.

चिमी


२ डिसेंबर

प्रिय चिमे,

पोरगी पोचली. पहिल्या दिवशी तळघराच्या पायरीवरच नाक दाबून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दाबायची थांबली. सगळ्यांचं असंच होतं.

कामाला हिरा आहे. आमची पद्धत बसून गेली आहे. ती चीज उचलते, अंगठ्यानं दाबते, नाकाशी नेते आणि सांगते, हे तयार, हे आठवडाभर ठेव, हे टाकून दे. मी फळीवर खडूनं खूण करतो. या पंधरवड्यात तिचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकदाही वेगळं पडलं नाही. तुला अभिमान वाटावा म्हणून लिहितो.

वाऱ्याचा बंदोबस्त केला. वरच्या अंगाचे दोन्ही झरोके ओल्या गोणपाटानं घट्ट बुजवले. साली लगेच मऊ पडल्या, एकही नवी चीर नाही. बाबा झरोक्यांना हात लावू देत नसत. पण बाबांच्या वेळी हिवाळेही शहाण्यासारखे वागायचे.

ठकी थोडी खोकते. तिला काढा करून देतो.

दादा


८ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कागदाला चीजचा वास नेहमीच असतो, मला तो आवडतो, त्यानं घर आठवतं. पण या वेळी नाकात काहीतरी चांगलंच झणझणलं. मऊ चीजपैकी दोन तशीच निघाली, अमोनियाची झणक होती. गिऱ्हाइकांना सांगितलं, कागद उघडून तासभर वाऱ्यावर ठेवा, बसेल. बसलीही. खोक्यात कोंडल्यामुळे झालं असेल. पुढच्या वेळी गवत जरा सैल भर.

पण मला एक कळत नाही. असला माल ठकी कधी पुढे पाठवत नाही. खाली तुम्हाला तो वास आला नाही का?

आणि तिचं एक ओळीचं पत्र का नाही? मामा मिळाला की आई नको, असं आहे का?

चिमी


१८ डिसेंबर

प्रिय चिमे,

माझं पत्र वाचून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे वाचून मलाही कसंसंच झालं. तू लहानपणी पडलीस तरी रडायची नाहीस. वय झालं आपलं.

चीजबद्दल म्हणशील तर ठकी म्हणते, वास अगदी व्यवस्थित आहे. ओली माती आणि अक्रोड. मलाही तसंच वाटलं. तुझ्या गिऱ्हाइकांना निळं आधी खायची सवय आहे, त्यांचं काय ऐकतेस?

ठकी जेवली की झोपते. डोकं दुखतं म्हणते. मी म्हटलं, शहरात उशिरा उठायची सवय, ती इथे दुपारी निघतेय. खालचे दोन झरोकेही आता बंद केलेत, खालून बोचरी हवा यायची. तळघर कसं उबदार आणि ओलसर झालंय, बाळंतिणीच्या खोलीसारखं. चीज खूष आहे.

घाटात दुरुस्ती चालू आहे. गाडी दोन-तीन आठवडे येणार नाही, तेव्हा पत्र आलं नाही म्हणून जीव टांगणीला लावू नकोस.

दादा


६ जानेवारी

आई,

मामा दूध आणायला गेलाय तेवढ्यात लिहितेय. ही चिठ्ठी खोक्याच्या तळाशी गवताखाली ठेवते, म्हणजे तुलाच सापडेल.

मामा चांगला आहे. मला अजिबात त्रास देत नाही, उलट फार जपतो. पण मला घरी यायचंय. डोकं सारखं जड असतं. वर आलं की अर्ध्या तासात बरं वाटतं, पण काम सगळं खालीच. पहिल्यांदा डोळ्यांना झोंबायचं, आता काहीच झोंबत नाही. सगळ्या चीजना एकच वास येतो. कधी कधी तोही येत नाही. मग मी रंग बघून, दाबून, अंदाजानं सांगते आणि मामा लगेच खूण करतो. तो एकदाही "नाही, नीट बघ" म्हणत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

मामानं मला एक गोष्ट सांगितली आहे आणि कुणाला सांगायची नाही अशी शपथ घातली आहे. मी सांगणार नाही. पण तू एकदा ये. नाहीतर मला बोलाव. तू बोलावलंस म्हटल्यावर तो वाईट वाटून घेणार नाही.

ठकी


११ जानेवारी

ठकी,

तुझी चिठ्ठी सापडली. हे पत्रही परत येणाऱ्या रिकाम्या खोक्यात गवताखाली ठेवतेय, मामाला दाखवू नकोस.

नाक दमतं, बाळा. दिवसभर हुंगत राहिलं की दमणारच. दुकानात तुला शिकवलंय ना, कोपराच्या आतल्या बाजूला नाक लाव, स्वतःच्या कातडीचा वास घे, दहा श्वास मोज आणि पुन्हा कामाला लाग. मामा नाही म्हणत नाही, कारण तू बरोबर सांगतेस. त्यानं तसं मला लिहून कळवलंय. आणि त्याच्या शपथा मला ठाऊक आहेत. मिठाच्या पाण्यात काय घालतो ते सांगितलं असेल. बाबाही असंच करायचे, जसं काही जगाला त्याचं पडलंय.

आता मी तुला जे सांगते ते मन लावून वाच. मामाला मूलबाळ नाही. त्याच्यामागे ते तळघर कुणाला तरी जाणार. मी त्या पायऱ्यांवर लहानाची मोठी झाले, माझं नाक त्याच्यापेक्षा चांगलं होतं, हे बाबांनाही माहीत होतं, तरी मला तिथून निघावं लागलं. तू आज डोकं दुखतं म्हणून परत आलीस तर तो म्हणेल, पोरीचं काम नव्हतं ते. मला हे पुन्हा ऐकायचं नाही.

एवढा हिवाळा काढ. सगळी चाकं उलटल्याशिवाय वर येऊ नकोस. तुझी आई सांगतेय.

आई


२४ जानेवारी

प्रिय चिमे,

तू पोरीला काय मंत्र दिलास कोण जाणे. कुरकुर पार थांबली. सकाळी उतरते ती संध्याकाळीच वर येते. जेवणही खाली नेते. मीच म्हणतो, अगं जरा वर ये, चहा घे, तर म्हणते, सगळी उलटून झाली की येते. बोलते मात्र कमी. आणि दार लोटून घेते, कारण जिन्यातून वारा येतो आणि साली तडकतात. हे मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिलाच सुचलं. रक्तातच असतं ते.

सोबतची बारा चीज बघ. गेल्या कित्येक वर्षांत असा माल निघाला नव्हता. ठकी म्हणते, आधी अक्रोड, मग ओली माती आणि शेवटी थोडी साय. मलाही तसंच वाटलं. शनिवारी तुझ्या मंडळींना हेच दे आणि काय म्हणतात ते कळव.

दादा


२७ जानेवारी

दादा,

गाडी एक वाजता परत निघेल. मी तिच्यातच बसून येतेय. हे पत्र दारात तुझ्या हातात देणार आहे, कारण तोंडानं सांगायला गेले तर मी ओरडेन, आणि मी ओरडले की तू ऐकत नाहीस. मी सरळ खाली जाईन. तू तोवर वाच.

तुझं खोकं उघडलं तेव्हा दुकानात दोन बायका होत्या. दोघी तोंडावर पदर... रुमाल, जे हाताला आलं ते धरून बाहेर पळाल्या. माझे डोळे मिटले गेले. बाराच्या बारा चीज सालीखाली तपकिरी होऊन वितळलेली, आणि अमोनिया असा की घसा सोलून निघावा. अक्रोड नाही, माती नाही, साय नाही. ठकी दहा वर्षांची असताना असलं चीज तिनं घरात आणू दिलं नसतं. तू तर अंगणातूनच ओळखलं असतंस. आणि तुम्ही दोघांनी ते नाकाला लावून, वाखाणून, बांधून मला पाठवलंत.

मी स्टुलावर बसून तुझी जुनी पत्रं काढली. तू एकदाही स्वतःहून वास सांगितलेला नाहीस. दर वेळी ठकी म्हणते, आणि मग मलाही तसंच वाटलं. दोन वर्षांमागे तू लिहायचास, तुझी वहिनी म्हणते. मधली दोन वर्षं तू वासाबद्दल काहीच लिहिलं नाहीस आणि मी ते विचारलंही नाही. तुला वास येत नाही, दादा. हीच ना ती शपथ?

मग मला बाबा आठवले. "सांग, काय येतंय?" मी त्याला परीक्षा समजत होते. चाळीस वर्षं लोकांना सांगत होते, माझे वडील माझी रोज परीक्षा घ्यायचे. ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना काहीच येत नव्हतं आणि ते एका लहान मुलीला विचारत होते. मग मोठी झाल्यावर मला तिथून काढलं, ते नाक शाबूत असताना काढलं. आज पहिल्यांदा वाटतं की त्यांनी मला हाकललं नसेल, सोडवलं असेल. आणि मी माझी मुलगी तिथे पाठवली.

निदान ते झरोके उघडे ठेवायचे, पिकणाऱ्या चीजचा अमोनिया तिथूनच बाहेर जातो. माणूस तिथली हवा कशी आहे ते नाकानं ओळखतो, आणि त्या तळघरात आता एकही नाक नाही. ठकीनं मला लिहिलं होतं. डोकं जड आहे, काही झोंबत नाही, घरी येऊ दे. मी तिला काय उत्तर दिलं ते मी तुला सांगू शकत नाही.

हे वाचत उभा राहू नकोस. गोणपाटं काढ.

चिमी


२० फेब्रुवारी

प्रिय चिमे,

तुझं पत्र तू माझ्या हातात दिलंच नाहीस. धावत खाली गेलीस तेव्हा ते पायरीवर पडलं असणार. परवा जिना धुताना सापडलं, म्हणून उत्तर आता देतोय.

तुझं सगळं खरं आहे. मला चार-पाच वर्षं वास येत नाही. हळूहळू गेला, त्यामुळे नक्की कोणत्या दिवशी गेला ते सांगता येत नाही. तुझ्या वहिनीला कळलं. ती मला न विचारता शेजारी उभी राहून हलक्या आवाजात सांगायला लागली आणि मी मोठ्यानं म्हणायला लागलो. आम्ही त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. ती गेल्यावर मी दोन वर्षं डोळ्यांनी आणि अंगठ्यानं चालवलं. मग तुला पत्र लिहिलं. सोबतीला नाक हवंय असं लिहिलं होतं, आठवत असेल. त्यातली सोबत खोटी होती.

बाबांचं मला माहीत नव्हतं. तुझं वाचून कळलं.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या दिवशी तू यायच्या आधी मी खाली जाऊन आलो होतो. ठकी शेवटच्या फळीला टेकून जमिनीवर बसली होती, हातात ओलं फडकं, डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपली. मी तिला रागावलो. म्हटलं, तुझी आई म्हणते मुलगी कामाची आहे, आणि तू इथे झोपा काढतेस. तिचे डोळे उघडले नाहीत. मलाही गरगरलं, मी ते वयावर ढकललं, आणि वर येऊन खोकं भरायला बसलो. तू दारात आलीस ती त्यानंतर अर्ध्या तासानं. जिन्याच्या वरच्या पायरीवर तू जशी मागे फेकल्यासारखी झालीस आणि मग श्वास धरून खाली धावलीस, ते बघून मला कळलं की खाली काय आहे. मला स्वतःला ते तेव्हाही कळलं नव्हतं. तो अर्धा तास मी रोज मोजतो.

चारही झरोके फोडून दुप्पट केलेत. सगळा माल खड्डा खणून पुरला. तुझं ठकीला लिहिलेलं पत्रही मला तिच्या उशाखाली मिळालं. वाचायला नको होतं, वाचलं. तळघर मी तिच्या नावानं केलंय. कागद सोबत आहेत. तुला हवं होतं ना? असं द्यायचं नव्हतं मला.

दवाखान्यातले डॉक्टर तुला जे म्हणाले ते गाडीवाल्यानं अर्धंमुर्धं सांगितलं. छाती बरी आहे एवढं कळलं. मला एकच सांग, तिला वास येतो का?

दादा


१२ मार्च

दादा,

त्या अर्ध्या तासाबद्दल मी तुला काही लिहिणार नाही. लिहायला बसले होते, पण दर वेळी तिला लिहिलेली माझी ती 'वर येऊ नकोस'ची ओळ मधे येते. तू तिला अर्धा तास खाली ठेवलंस. मी दोन आठवडे ठेवलं.

ठकी बरी आहे. खोकला गेला, जेवते, चेष्टा करते. डॉक्टर म्हणाले होते, छाती बरी होईल, नाकाचं मात्र सांगता येत नाही, वास कधी काही महिन्यांनी परत येतो, कधी येत नाही. पंधरा दिवसांपूर्वी ती सकाळी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आई, कॉफी उतू चाललीय, मला वास आला. मी तिला धरून रडले. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

मग ती काउंटरवर आली. शनिवारची मंडळीही आली. ती पूर्वीसारखंच सगळं सांगते, आधी हे, मग ते, निळं शेवटी, हे तासभर बाहेर ठेवा. लोक म्हणाले, पोरगी आजारातून उठून आणखी छान बोलायला लागली. मलाही तसंच वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की ती पाणी प्यायला जाते तेव्हा डब्यांवर मी लिहून ठेवलेली वर्णनं वाचून येते.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी गौड्याचे दोन काप सकाळीच केले होते. एक तसाच ठेवला, दुसरा सकाळपासून चिरलेल्या कांद्याच्या डब्यात झाकून ठेवला होता. दोन्ही बशीत घालून तिच्यापुढे ठेवले आणि सहज विचारल्यासारखं केलं, यात काय फरक आहे? मला तो कांदा काउंटरच्या पलीकडून येत होता. तिनं एक नाकाशी धरला, मग दुसरा. बराच वेळ धरला. म्हणाली, दोन्ही एकाच चाकाचे, पहिला कडेचा आहे, दुसरा मधला, त्याला भाजलेल्या साखरेचा वास जास्त आहे.

आणि हे बोलताना ती चीजकडे बघत नव्हती, दादा. माझ्या तोंडाकडे बघत होती. तपासत होती, की जमलं का.

मी म्हटलं, "बरोबर."

तोंडातून तेच निघालं. दुसरं काही बोलले असते तर तिच्याजवळ काय राहिलं असतं? तिनं हसून दोन्ही तुकडे खाल्ले, कांद्याचाही.

तू पाठवलेले कागद मी ट्रंकेत ठेवले होते. तिनं ते काढून वाचले. तेव्हापासून तिचं एकच चालू आहे, मला परत जायचंय, तळघर माझं आहे, झरोके आता मोठे झालेत, आणि मामाला वास येत नाही, त्याला एकट्याला कसं कळेल. तुझी शपथ तिनं तेवढ्यापुरती मोडली. ती कशाला जायला निघाली आहे ते मला समजतं. इथे मी आहे, माझं नाक धड आहे, आज ना उद्या मी तिला पकडेन. तुझ्याकडे तिला कुणी पकडणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांना बरोबर म्हणत राहाल, खडूच्या खुणा करत राहाल, आणि तो माल लोक घरी नेऊन मुलाबाळांना देतील.

मी तिला नाही म्हणू शकत नाही. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं, मला माहीत आहे म्हणून. ती समोर येते, माझ्या तोंडाकडे तशीच बघते आणि मी दुसरंच काहीतरी बोलते. वर येऊ नकोस हे मीच तिला लिहिलं होतं, आता जाऊ नकोस हे कोणत्या तोंडानं म्हणू?

म्हणून हे काम तू कर. तिला दारातूनच परत पाठव. तळघर विकलं म्हण, बुजवलं म्हण, मामा वाईट आहे असं तिला वाटू दे. तुला नाक हवंय हे मला माहीत आहे, त्यामुळे तुला हे जमेल का, ते मला खरंच माहीत नाही.

गाडी आली आहे. हे पत्र गाडीवाल्याकडे देतेय, तो ते आधी तुझ्या हातात देईल. तिनं बॅग पुढच्या सीटवर ठेवली आणि आता मला हाक मारतेय, सामानाच्या खोक्याचं झाकण तिला एकटीला बसवता येत नाहीये. मी जाते, तिला हात देते.

चिमी